आकारामनं फोन कट केला नाही

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आकाराम चौगुले रस्त्यानं निघाला की माणसं बाजूला व्हायची. काही आदरानं, बरीचशी भीतीनं. तालमीच्या मातीत घुमून कान मोडलेले, मान बैलासारखी, हाताचा पंजा भाकरीएवढा. कुस्ती सुटली तशी त्यानं म्हशी घेतल्या. रंकाळ्याकडे उतरणाऱ्या बोळात गोठा होता. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट दूध त्याच्या भांड्यात ओतायचं, हा धंदा. दूध चोख असायचं. माणूस मात्र तिखट.

राग आला की त्याचा हात आधी जायचा, तोंड मागनं. एकदा फुटबॉलच्या मॅचनंतर झेंड्यावरनं दोन गटांत बाचाबाची झाली. आकारामनं समोरच्या पोराची मानगूट धरून त्याला पायरीवर असा आपटला, की पोराचा जबडा दोन महिने तारेनं बांधून ठेवावा लागला. दुधात पाणी आहे असं नुसतं सुचवणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात त्यानं पितळेची चरवी घातली होती. तालमीतले वडीलधारे मध्ये पडायचे, प्रकरण मिटायचं.

म्हशीवर मात्र त्यानं जन्मात काठी उगारली नाही. "मुकं जनावर हाय, त्याला काय मारायचं," असं म्हणायचा.

त्याची बायको धोंडुबाई मुकी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा चांगली बोलकी होती म्हणे. मार खाऊन खाऊन तिचं बोलणं आटत गेलं. संध्याकाळी आकारामच्या घरातनं आवाज यायला लागले की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे. बोळातल्या कुणीही कधी दार वाजवलं नाही. धोंडुबाई काविळीनं गेली तेव्हा पोरगी क्रांती दहावीत होती. ती आईसारखी गप्प राहायला शिकली, पण डोळ्यांनी सगळं बोलायची.

क्रांती कॉलेजात असताना एका दुपारी तिला वर्गातल्या मुलाचा फोन आला. वह्या परत द्यायच्या होत्या, एवढंच. आकारामनं तिच्या हातातनं फोन हिसकला आणि गोठ्यातल्या दगडावर हाणला. काचेचे तुकडे वैरणीत पडले. म्हशीच्या तोंडात जातील म्हणून त्यानं ते एकेक करून वेचले, आणि मग दावं घेऊन पोरीला मारलं. कॉलेज थांबलं. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं.

स्थळ गडहिंग्लजचं. विश्वजित नाव. ऊस होता, ट्रॅक्टर होता, खताचं दुकान होतं, आणि बोलायला गूळ. लग्नाच्या मांडवात आकारामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "पोरगी जरा ताठ हाय. हाताखाली ठेवा." विश्वजित हसून म्हणाला होता, "काळजी नको मामा."

सुरुवातीला क्रांती रोज फोन करायची. आकारामकडे स्वतःचा फोन नव्हता. बोळाच्या तोंडाला अफसानाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथल्या फोनवर निरोप यायचा. अफसाना क्रांतीची शाळेतली मैत्रीण. हळूहळू रोजचा फोन आठवड्यावर गेला, मग महिन्यावर. कधी "फोन पाण्यात पडला", कधी "फोन फुटला". आकाराम म्हणायचा, "हिला वस्तू संभाळायची अक्कल न्हाय."

तिसऱ्या वर्षी क्रांती माहेरी आली ती एकटीच. दोन वर्षांची लेक तेजस्वी सासरीच ठेवून आली होती. "तिला जरा ताप हाय," एवढंच म्हणाली. आल्या आल्या तिनं आपला फुटका फोन अफसानाकडे दुरुस्तीला टाकला. तासाभरानं अफसाना स्वतः गोठ्यात आली.

"आबा, दुकानात या जरा."

दुकानात गेल्यावर तिनं काच काढलेला फोन दिव्याखाली धरला. कडेच्या फटीत काहीतरी काळपट वाळलेलं होतं आणि त्यात अडकलेला एक लांब केस.

"रक्त हाय, आबा," अफसाना म्हणाली. "ह्यो फोन खाली पडून फुटलेला न्हाय. माणसावर हाणलाय."

आकाराम घरी आला. क्रांती मेथी निवडत बसली होती. त्यानं न विचारता तिच्या कानावरचे केस बाजूला केले. कानामागं दोन बोटांएवढी जखम होती. आडवी, खपली धरलेली. तो वळला आणि वैरण तोडायचा कोयता उचलून दाराकडे निघाला.

क्रांती दारात आडवी उभी राहिली.

"कोयता ठेवा आबा."

"बाजूला हो."

"तुमी जाऊन त्याला तोडशीला. मग तुमी जेलात. माझी पोरगी त्याच्या आईच्या मांडीवर हाय, ती तिथंच ऱ्हाईल. ठेवूनच घेतलीय तिला, मी परत जावं म्हणून. आन मी कुठं जाऊ?"

"एवढं हुईस्तोवर मला सांगितलं का न्हाईस?"

क्रांतीनं बापाकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"आईनं कुणाला सांगायचं हुतं, आबा?"

आकारामचा हात खाली आला. कोयता त्यानं उंबऱ्याला टेकवून ठेवला आणि तो तिथंच, दाराला पाठ लावून बसला.

क्रांतीचं ठरलेलं होतं. परत जायचं, चार दिवस गोड राहायचं, आणि संधी साधून तेजस्वीला घेऊन निघायचं. पोलिसांत आत्ता गेलं आणि पोरगी तिकडंच राहिली, तर ते तिला कुठल्या पाहुण्याकडे लपवतील याचा नेम नाही, असं ती म्हणाली. अफसानाला हे पटलं नाही. ती बराच वेळ भांडली. शेवटी म्हणाली, "जातीस तर जा. पण रिकाम्या हातानं जाऊ नको."

तिनं खणातनं एक जुना बटणांचा फोन काढला. मुठीत मावेल एवढा. त्याची घंटी बंद केली, थरथर बंद केली, बटण दाबल्यावर होणारा टिकटिक आवाजही बंद केला.

"पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतोय. बोट फिरव. लागला? अंधारात, खिशातसुद्धा लागणार. ते दाबून धरायचं, हळूहळू दहा म्हणेस्तोवर. आबांना मी एक फोन देणार हाय, त्यावर लागेल. नाव मी 'गॅस' म्हणून घातलंय. तू काय बोलू नको. फोन चालू राहू दे आणि तोंडानं जे सांगायचं ते त्यालाच सांगतीयास असं सांग. दाराला कडी लावली असंल तर म्हण, कडी का लावली. पोरगी कुठं हाय, हातात काय घेतलंय, सगळं."

क्रांतीनं गाऊनच्या खिशात हात घालून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा ते बटण शोधलं. चौथ्या-पाचव्या खेपेला चुकायची बंद झाली.

"पोलिसांच्या एकशे बाराला थेट का न्हाय लावायचा?" आकारामनं विचारलं.

"तिथं पत्ता सांगायला तोंड मोकळं पाहिजे, आबा. तिचं तोंड मोकळं नसंल. बोलायचं काम आपलं."

दुसऱ्या दिवशी क्रांती गडहिंग्लजच्या एसटीत बसली, आणि आकारामचं शिक्षण सुरू झालं.

अफसानानं त्याला एक वापरलेला स्मार्टफोन दिला. पहिल्याच दिवशी त्यानं तो फोडला. हिरवं चिन्ह वर सरकवायचं होतं. त्याचा अंगठा पाण्यानं आणि दुधानं भेगाळलेला, काचेला तो कळेचना. तीन-चारदा केलं, जमलं नाही, आणि त्याच्या कपाळाची शीर उठली. पुढच्या क्षणी फोन भिंतीवर होता.

अफसाना दुकानात काम करत होती. तिनं मान वर केली, तुकडे गोळा केले, आणि म्हणाली, "आत्ता क्रांतीनं बटण दाबलं असंल, तर?"

आकाराम उठला. बाहेर जाऊन पायरीवर बसला. बऱ्याच वेळानं आत येऊन म्हणाला, "दुसरा दे. फोडणार न्हाय."

मग तो शिकला. ओला हात आधी कोरडा करायचा, मग काचेला लावायचा. बोट दाबायचं नाही, नुसतं सरकवायचं. फोन गालाला घट्ट चिकटवायचा नाही, नाहीतर गालानंच लाल बटण दाबलं जातं. रात्री उशाखाली घालून चार्जिंगला लावायचा नाही. बँकेतनं बोलतोय म्हणणाऱ्याला आलेला नंबर सांगायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माइकच्या चित्रावर रेघ आहे ते बटण. ते दाबलं की आपल्याला पलीकडचं ऐकू येतं, आपलं पलीकडं जात नाही.

"तुमचा आवाज पलीकडं गेला की त्याला कळणार फोन चालू हाय," अफसाना म्हणाली. "म्हणून उचलल्या उचलल्या हॅलो म्हणायचं न्हाय. ओरडायचं न्हाय. शिवी द्यायची न्हाय. आधी हे बटण."

"आन पलीकडं त्यो तिला मारत असला तर?"

"तरी न्हाय."

आकाराम दुकानाच्या पायरीवर बसून रोज सराव करायचा. अफसाना आतनं फोन लावायची. तो हात शर्टाला पुसायचा, उचलायचा, माइकवर बोट ठेवायचा, आणि ओठ मिटून बसायचा. येणारे-जाणारे बघून हसायचे. एरवी त्यानं एखाद्याची गचांडी धरली असती. आता फोनवरची नजर तो काढत नव्हता.

फोन आला तो एका सकाळी, धारेच्या वेळेला. गोठ्याबाहेर गिऱ्हाइकं भांडी घेऊन उभी होती. आकाराम म्हशीखाली बसला होता, दोन्ही हात दुधानं भरलेले. खिशातला फोन वाजला. क्रांतीच्या नंबराला अफसानानं या फोनात वेगळी घंटी लावून दिली होती, ती वाजली.

त्यानं चरवी बाजूला ठेवली. अंगठा काचेवर सरकवला. काही झालं नाही. पुन्हा सरकवला. काचेवर दुधाचा ओघळ पसरला. घंटी वाजतच होती. त्याच्या कपाळाची शीर उठली, आणि एक क्षण हात वरही गेला. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढला, हात पुसला, काच पुसली, आणि बोट हळू सरकवलं.

फोन लागला. तो हॅलो म्हणाला नाही. रेघेचं बटण दाबलं.

आधी नुसती खसखस. कापडाची. मग पोतं टाकल्यासारखा धप्प आवाज, आणि क्रांतीचा श्वास.

"पिशवी भरतीस व्हय? कुठं चालली हुतीस? कुठं?" विश्वजितचा आवाज. त्यात गूळ नव्हता.

"पोरगीला खाली ठेवा," क्रांती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द सुटे होते. "स्वयंपाकघराची कडी कशाला लावताय? मोटारीचा पाईप कशाला घेतलाय हातात?"

मग पाईपचा आवाज आला. हवेत सूं आणि मग अंगावर. तेजस्वी किंचाळली. स्टीलचं काहीतरी खाली पडून घरंगळत गेलं.

"आकारामदा, काय झालं?" बाहेरनं एका गिऱ्हाइकानं विचारलं. आकारामनं हात वर करून त्याला थांबवलं आणि तो उठला. अर्धी धार झालेली म्हैस मागं हंबरली.

फोन गालाला लावायची त्याला भीती वाटली. त्यानं आवाज मोठा केला आणि काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसा दोन्ही हातांत पुढं धरून तो बोळातनं निघाला. पळता येत नव्हतं, बोट कुठं लागेल म्हणून. पण तो पळाल्यासारखाच चालला. फोनमधनं सूं येत होतं, धप्प येत होतं, पोरीचं किंचाळणं येत होतं. उंबऱ्यावर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. न्हाणीतनं तोंडाला साबण लावलेला एक गडी बाहेर आला. सगळे नुसते ऐकत उभे राहिले.

या बोळानं हे आवाज आधी ऐकलेले होते. त्याच्या घरातनं यायचे ते. आकारामनं ते कधी बाहेरनं ऐकले नव्हते. मारणाऱ्याला ते ऐकू येत नाहीत. आज पहिल्यांदा तो बोळाच्या बाजूला उभा होता आणि आवाज दाराच्या आतनं येत होते. ही धोंडुबाई, असं त्याच्या मनात आलं. पण फोन त्यानं हलू दिला नाही.

दुकानात अफसाना नुकतं शटर वर करत होती. त्याचा चेहरा आणि हातातला फोन बघताच तिनं शटर तसंच सोडलं. स्वतःचा फोन काढून एकशे बारा लावला.

"कोल्हापुरातनं बोलतेय. गडहिंग्लजला एका बाईला नवरा कोंडून मारायलाय. दुसऱ्या फोनवर चालू हाय, आमाला ऐकू येतंय. पोरगी हाय दोन वर्षांची. पत्ता घ्या." तिनं पत्ता सांगितला. खताच्या दुकानामागचं घर, निळं गेट, स्वयंपाकघर मागच्या अंगाला, आतनं कडी. हातात पाईप. पलीकडची बाई शांतपणे एकेक विचारत होती, अफसाना एकेक सांगत होती. गाडी निघाली, असं त्या बाईनं सांगितलं, आणि लाइनवर राहा म्हणाली.

आकाराम काउंटरशी उभा होता. फोन काउंटरवर ठेवला होता. फोनमधनं काहीतरी मोडल्याचा आवाज आला. लाकूड नव्हतं ते. क्रांती एकदाच ओरडली, आणि मग कुत्र्याच्या पिल्लासारखी कण्हू लागली. "हात. माझा हात."

आकारामनं काउंटरच्या काचेची कड धरली होती. काच तडकली. त्याच्या तळव्यातनं रक्त निघून खाली टपकलं. त्यानं टॉवेलचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांनी धरून ठेवला. रेघेचं बटण दाबलेलं होतं, पलीकडं काही जात नव्हतं. तरीही त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता.

तेवढ्यात विश्वजित म्हणाला, "ह्ये काय हाय खिशात?"

खसखस. मग त्याचा आवाज एकदम जवळ आला.

"गॅस? कुठला गॅस? कोण बोलतंय?"

आकारामनं अफसानाकडे बघितलं. तिनं स्वतःच्या फोनवर हात ठेवला आणि हळू म्हणाली, "बोला. बोलत ठेवा त्याला. बोलतोय तोवर हात थांबेल."

त्यानं तोंडातला टॉवेल काढला. रेघेचं बटण पुन्हा दाबलं.

"जावईबापू," तो म्हणाला. "मी आकाराम."

मग विश्वजित हसला. "मामा व्हय? ऐकत बसलाय? मग नीट ऐका की." आणि सूं आवाज आला.

आकारामच्या मानेच्या शिरा दोरासारख्या झाल्या. पण तोंडातनं आवाज निघाला तो त्याचा नव्हताच. मऊ होता. रेडकू दगावल्यावर म्हशीला चुचकारताना निघायचा तसा.

"ऐकतोय. तुमी काय म्हणताय ते सगळं ऐकतोय. काय चुकलं तिचं ते मला सांगा. मी तिचा बाप हाय, मला कळू द्या."

विश्वजितला हेच पाहिजे होतं. तो बोलत सुटला. आईला उलट बोलती. न विचारता बाहेर जाती. आज पोरगीला घेऊन पळून चालली हुती, रिक्षावाल्यानं येऊन सांगितलं. घराण्याची अब्रू. आकाराम प्रत्येक वाक्याला हुंकार देत होता.

"व्हय. चुकलंच तिचं."

"व्हय, तुमचंच खरं."

"तुमीच म्हणला हुता की मामा, हाताखाली ठेवा म्हणून. मांडवात म्हणला हुता."

आकारामनं डोळे मिटले. "व्हय. म्हणलो हुतो."

"मग आता का ऐकत बसलाय चोरासारखं?"

"चुकलो. तुमच्या पाया पडतो, जावईबापू. मी येतो तिकडं. तुमच्या समोर तिला समजावतो. तवर जरा बसा, पाणी प्या."

पेठेत आकाराम चौगुलेनं कुणाच्या पाया पडल्याचं कुणी बघितलेलं नव्हतं. दुकानाबाहेर आता बोळातली दहा-बारा माणसं जमली होती. ती बघत होती. या म्हाताऱ्या पैलवानाच्या गालावरनं पाणी ओघळत होतं, हातातनं रक्त टपकत होतं, आणि तो ज्याला चिरडून टाकायला निघाला असता त्याला म्हणत होता, "तुमी मोठं मन करा."

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मग फोनमधनं लांबनं दार वाजल्याचा आवाज आला. जोरात. "दार उघडा. पोलीस."

विश्वजितनं शिवी दिली. काहीतरी कडकन वाजलं आणि फोन बंद पडला.

शेजारचा जोतीराम टेंपो घेऊन आला. आकाराम आणि अफसाना पुढं बसले. कागल सोडलं तरी फोन गप्प होता. आकाराम तो मांडीवर ठेवून बघत होता. निपाणीच्या अलीकडे अनोळखी नंबर आला. तो अफसानानं उचलला. एका महिला पोलिसाचा आवाज होता. बाई आणि मूल दोघं सुखरूप आहेत, सरकारी दवाखान्यात या.

त्यानं तिथवर स्वतःला धरून ठेवलं होतं.

दवाखान्याच्या आवारात पोलिसांची गाडी उभी होती. विश्वजितला तपासणीला आणलं होतं. इस्त्रीचा शर्ट, पायांत चपला, हवालदाराशी काहीतरी हळू आवाजात बोलत होता. आकाराम टेंपोतनं उतरला आणि सरळ त्याच्याकडे गेला. कुणाला काही कळायच्या आत विश्वजितचं नरडं त्याच्या पंजात होतं आणि डोकं भिंतीवर. एकदा आपटलं, दोनदा. विश्वजितचे डोळे पांढरे झाले, पाय हवेत लटकले. हवालदारानं आकारामच्या पाठीत काठी घातली, दुसऱ्यानं हात ओढला. पंजा सुटला नाही. सगळा बोळ, तो पाईपचा आवाज, तो "पाया पडतो" म्हणणारा त्याचा आवाज, सगळं त्या पंजात उतरलं होतं.

मग एक लहान मूल किंचाळलं.

व्हरांड्यात क्रांती उभी होती. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, उजवा हात फळीला बांधलेला. डाव्या हातावर तेजस्वी. पोरगी आजोबाकडे बघून किंचाळत होती आणि आईच्या मानेत तोंड खुपसत होती.

"सोडा आबा," क्रांती म्हणाली. "तिला दिसायलंय."

त्याचा पंजा उघडला. विश्वजित भिंतीवरनं घसरून खाली बसला आणि खोकायला लागला. आकाराम आपल्या हाताकडे बघत उभा राहिला. मग दोन पावलं व्हरांड्याकडे टाकली. क्रांती मागं सरकली. तिला स्वतःला कळलं नसेल, पण ती मागं सरकली.

पुढं सगळं रीतसर झालं. विश्वजितवर गुन्हा दाखल झाला. महिनाभर आत राहून तो जामिनावर सुटला. आकारामच्या फोनमध्ये अफसानानं बोलणं आपोआप साठवायची सोय चालू केलेली होती, ते पोलिसांनी घेतलं. आवाज ओळखायला आकारामला चौकीत बसवून सगळं पुन्हा ऐकवलं. त्यानं एकेक आवाज सांगितला. ही माझी पोरगी. ही नात. ह्यो जावई. शेवटी म्हणाला, "आन ह्यो मी." दवाखान्याच्या आवारातल्या मारहाणीची नोंद त्याच्यावरही झाली, आणि विश्वजितच्या वकिलानं ती कोर्टात पहिल्याच तारखेला पुढं केली. बापच असा, तर पोरीचं काय खरं धरायचं, असं तो म्हणाला.

क्रांती पेठेतल्या घरी राहायला आली नाही. आकारामनं खोली रंगवून ठेवली होती. ती म्हणाली, "न्हाय आबा. तुमचा हात कपाळ पुसायला वर गेला तरी मी आधी दार कुठं हाय ते बघते. तेजूला तसं बघत वाढवायचं न्हाय मला."

त्यानं वाद घातला नाही.

तिनं राजारामपुरीत एक खोली घेतली. एका दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांचे नंबर लावायचं आणि फोन घ्यायचं काम मिळालं. हात जुळला, पण मनगट पूर्ण वळायचं नाही. फोन ती डाव्या हातानं धरायला शिकली.

आकाराम रोज सकाळी दूध घेऊन राजारामपुरीत जायला लागला. न सांगता वर जायचं नाही, असं क्रांतीनं सांगितलं होतं. इमारतीखाली उभं राहून तो फोन लावायचा. एकदाच लावायचा. उचलला नाही तर परत लावायचा नाही, वॉचमनकडे किटली देऊन गोठ्यावर यायचा. उचलला तर ती बहुतेक वेळा म्हणायची, "आज नको आबा, खाली ठेवून जावा." तो ठेवून जायचा. एकदा वॉचमननं विचारलं, "पोरगीच की तुमची, वर का जात न्हाईसा?" आकारामनं त्याच्याकडे बघितलं. वॉचमन दचकून मागं झाला. मग आकाराम म्हणाला, "तिनं या म्हणलं की जाणार."

असे किती महिने गेले ते त्यानं मोजलं नाही. पावसाळा संपला, गुऱ्हाळं लागली. एका सकाळी फोन उचलल्यावर क्रांती म्हणाली, "वर या."

तो जिना चढून गेला. चप्पल बाहेर काढली. खोलीत चटईवर बसला. तेजस्वी कपाटाआडनं बघत होती. त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे. आकारामला ते कळलं. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला. हलला नाही. पोरगी कपाटाआडनं थोडी बाहेर आली, पुन्हा आत गेली, पुन्हा थोडी बाहेर आली.

क्रांती डाव्या हातानं चहाचा कप घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला.

"नीट बसा की आबा," ती म्हणाली. "असं बसून चहा कसा पिणार?"